हिराबाईचा हात

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

बैलानं शेखरला ढुशी दिली! शिंग लागलं नाही, नुसतं कपाळ — डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. म्हसाच्या जत्रेतून आणून आठवडा नाही झाला त्या बैलाला, आणि आमचे हे वाशिंदच्या कंपनीतून आले की आधी त्याच्या गळ्यात पडणार, मग चहा. (तोंडानं "अहो" म्हणते, इथे शेखर लिहिते. वहीला काय कळतंय!)

मी उपकेंद्रात याद्या करत बसले होते. धाकटे दीर चंदरभावजी धावत आले — "वहिनी, दादाला बैलानं मारला!" चपला घालायचं भान नाही राहिलं. घरी येऊन बघते तर माजघरात शेखर उताणा, सदरा वर, पोटभर तेल, आणि बेंबीवर पेटत्या वातीवर पितळी तांब्या उपडा घातलेला. तांब्या पोटाला गच्च चिकटलेला. शेजारी सासूबाई, हात पुसत. "बेंबी सरकली त्याची. दुसरा काय नाय. बसवली."

हिराबाईचा हात! किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कुणाचं पोट दुखलं की माणसं सरकारी उपकेंद्र ओलांडून आमच्या दारात येतात. उपकेंद्रात नर्स मी, आणि रांग घरी सासूबाईंकडे. एक नारळ ठेवतात आणि पोट मोकळं करून जातात. हात कधी फुकट गेला नाही म्हणतात. एकदाच गेला — सासऱ्यांच्या वेळी. भाताच्या राबात जाळायच्या फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढले, पडले, तिसऱ्या दिवशी गेले. एकवीस वर्षं झाली. त्यावर सासूबाईंचं ठरलेलं उत्तर आहे, "तो बाहेरचा व्हता. झाडावरच्यानं धरला. तिथं कोनाचा हात चालत नाय." दर फाल्गुनातल्या अमावास्येला त्या ऐनाला नारळ जातो.

मी म्हटलं, आई, मार लागलेलं पोट चोळू नये. तर म्हणाल्या, "तू सुया टोच. पोटाचा मला शिकवू नको."

गप्प बसले. आठ वर्षं झाली लग्नाला, अजून मला गप्पच बसता येतं!

१३ जानेवारी, बुधवार

शेखर बरा. दोन भाकऱ्या खाल्ल्या. "बघ, आयेचा हात!" म्हणून मला चिडवलं. कंपनीत उद्या जातो म्हणतोय, मी नाही म्हटलं. संध्याकाळी म्हणाला, डावा खांदा ठणकतोय, जरा चोळ ना गो. मलम लावून चोळला. बैलाचा दोर ओढताना आखडला असणार.

१४ जानेवारी, गुरुवार

उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात आहोत. शेखर जिवंत आहे. बाकी उद्या.

१५ जानेवारी, शुक्रवार

आता लिहिते. डोक्यात नुसता गलका झालाय, कागदावर उतरला तर बरं.

काल संक्रांत. सकाळी शेजारी तीळगूळ देऊन आले तर शेखर पडवीत बसलेला, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. तहान तहान करून दोन तांबे पाणी प्यायला. उठला आणि तसाच कोसळला. नाडी धरली — एकशे चोवीस! अगदी बारीक, बोटाखालून निसटत होती. प्रेशर वरचं ऐंशी. पोट हाताला ताठ लागलं. परवाच्या तीळभर दुखण्याचं हे काय झालं!

सासूबाई तेलाची बाटली घेऊन हजर. "परत सरकली. धरा त्याला दोघांनी." मी आडवी आले. जन्मात पहिल्यांदा सासूचं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. म्हटलं, हात लावायचा नाही. पोटात रक्त आहे त्यांच्या.

"रगत? जखम कुठंय? दाखव ना जखम!"

जखम कुठली दाखवू? कातडीवर साधं खरचटलं नव्हतं. पडवीत अर्धं गाव जमलेलं. चंदरभावजी म्हणाले, "वहिनी, आयेला आसा बोलतंस?" मी म्हटलं, आधी जीप आणा, मग माझं काय चुकलं ते सांगा. एवढ्या मोठ्यानं ओरडले की बैल पण दचकला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि सांगितलं, थांबू नका. मुरबाडवरून कल्याणच्या रस्त्यानं निघालो. शेखरचं डोकं मांडीवर, सलाइनची बाटली माझ्या हातात वर धरलेली. प्रत्येक खड्ड्याला मी शिवी हासडली. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "सिस्टर, खड्डे मी नाय खणले." मग त्याची माफी मागितली.

सर्जन डॉ. सामंत. उंच, वाळके, कमी बोलणारे. पोटात सुई घालून ओढली — काळपट रक्त. ते बशीत ठेवलं, मिनिटं मोजली. गोठलं नाही. "पोटातलंच आहे," म्हणाले. "प्लीहा फाटलीय. बरगडीखालचा अवयव आहे, रक्तानं भरलेला. वरून दणका बसला की आतल्या आत फाटतो आणि बाहेर पत्ता लागत नाही. दोन दिवस रक्त त्याच्या आवरणात साठून राहिलं असेल, आज आवरण सुटलं."

म्हणजे १३ तारखेला भाकऱ्या खाऊन हसत होता तेव्हा आत हे चाललं होतं. देवा रे!

सलाइनच्या चार बाटल्या, रक्ताची एक, तेव्हा प्रेशर एकशे दहावर आलं. मग सोनोग्राफी. सर म्हणाले, रक्त सध्या थांबलेलं दिसतंय. पोट उघडलं तर प्लीहा बहुतेक काढूनच टाकावी लागेल. वाट बघितली तर कदाचित आपली आपण भरून येईल. "कदाचित" दोनदा म्हणाले. नियम सांगितले — उठायचं नाही, कूस बदलायची नाही, तोंडानं काही नाही, आणि पोटाला कुणी म्हणजे कुणी हात लावायचा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर आहात ना? अर्ध्या तासानं नाडी बघायची. शंभरच्या वर गेली की मला हाक मारायची, कुठेही असलो तरी."

बघते. झोप गेली खड्ड्यात. या माणसाला मी चालत घरी नेणार आहे.

१६ जानेवारी, शनिवार

नाडी ९४, ९२, ९६, ९२. मनगटावर पेननं लिहून ठेवते, वही दर वेळी सापडत नाही.

रक्त आणखी लागेल म्हणून द्यायला माणसं हवीत. चंदरभावजी भिंतीला पाठ लावून उभे. "वहिनी, रगत दिला तर पावसात नांगर धरवंल का? अंगातली ताकदच जाईल ना गो." एवढा धिप्पाड माणूस, भाताची पोती एकट्यानं चढवतो! मी म्हटलं, मग तुमच्या दादाच्या अंगात काय भरू, ताक? तरी हलले नाहीत.

दुपारी ठाकरवाडीवरचा पोश्या दारात. भिवंडीकडे वीटभट्टीवर होता, कुणी निरोप दिला कोण जाणे. "कंच्या हातातून काडतान?" एवढंच विचारलं आणि आडवा झाला. मी म्हटलं, पोश्या, भट्टीचं काम आहे, थकवा येईल. तर म्हणतो, "ताय, माजी ठकू आडली व्हती तवा तू रातभर बसली व्हतीस. मी तं आडवा पडलूय फकस्त." मला रडू आलं. त्याला बिस्किटाचा पुडा दिला, तो त्यानं न फोडता खिशात घातला, पोरांना.

सासूबाई आल्या आज. पिशवीत शेखरचे कपडे, आणि कपड्यांच्या घडीत — तेलाची बाटली! हद्द झाली! मी म्हटलं, आई, ही बाटली बाहेर काढलीत तर मी वॉचमनला बोलवीन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! वॉर्डातल्या बाया मान वळवून ऐकत होत्या. सून सासूवर ओरडतेय, फुकटचा तमाशा.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. शेखरला विचारलं, "डावा खांदा दुखत होता का, आधी?"

शेखर म्हणाला, हो, मंगळवारनंतर दुखत होता, हिनं मलम चोळलं. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे सांगितलं — पोटातलं रक्त वर पडद्याखाली साठतं, त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून रोग्याला खांदा दुखल्यासारखा वाटतो. खांद्याला काही झालेलं नसतं. पोटाला मार आणि डावा खांदा दुखतो, म्हणजे आत काहीतरी फाटलंय असंच धरून चालायचं.

शिकवलं होतं मला हे! पुस्तकात आकृती होती. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत! आणि घरी नवऱ्यानं खांदा पुढे केला तर मलम चोळत बसले. सासूबाईंना नावं ठेवते, मी कोण मोठी शहाणी!

सासूबाई खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कोनाला बी आसा व्हतो? वरून पडला तरी?" डॉक्टर म्हणाले, हो आजी, पडून मार लागला तरी. "आनी पानी मागतो?" हो, तहान लागते खूप. मग त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं मी मोरीत गेले तर सगळीकडे तेल. बाटली रिकामी करून कोपऱ्यात ठेवलेली. माझ्यावरचा राग तेलावर काढला! काढू देत.

१७ जानेवारी, रविवार

नाडी ९०, ८८! प्रेशर ठीक. शेखर कावलाय. पाणी दे, पाणी दे. ओल्या कापसानं ओठ पुसते.

दुपारी चहा घेऊन आले तर शेखर आईला विनवत होता, "आये, जरासा दाब ना. तुज्या हातानं बरा वाटंल." सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. अक्षरशः हातांवर बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण हात बाहेर काढले नाहीत. मला बघितल्यावर तोंड फिरवलं.

काय बाई आहे, कळत नाही. परवापर्यंत माझ्याशी भांडत होती.

१८ जानेवारी, सोमवार

सकाळी सव्वादहाला मी रिपोर्ट आणायला खाली गेले. वीस मिनिटं. परत आले आणि मनगट धरलं — ११८. पुन्हा मोजली. १२२. ओठ पांढरे. जवळ फक्त सासूबाई.

मी ओरडले, "हात लावलात ना? लावलात ना शेवटी!" मग मी जिन्यानं धावत सुटले, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर होते.

"आता वाट बघायची नाही," म्हणाले. सही केली. सहीच्या रकान्यात नातं लिहायचं असतं, मी चुकून "सिस्टर" लिहिलं. खोडून "पत्नी" लिहिलं.

रक्त कमी पडलं. मी पोश्याच्या भट्टीवरची आणखी माणसं बोलवायला निरोप कुणाकडे द्यावा या विचारात, तर चंदरभावजी बाही वर करत पुढे आले. डोळे गच्च मिटलेले. "घ्या. नांगर काय तो बघू." सुई लागताना केवढ्यानं बोंबलले! तरी दिलं. शाब्बास भावजी.

दोन तास वीस मिनिटं. पोटात दोन लिटर रक्त होतं. प्लीहा काढली. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये आणून दाखवली — मुठीएवढी, जांभळी, मधोमध भेग. या एवढ्याशासाठी!

सासूबाईंनी पण बघितली. "पानथरी," म्हणाल्या. त्यांना नाव माहीत आहे. बाहेरून हाताला लागते, म्हणतात, हिवतापात वाढली की.

१९ जानेवारी

नाडी ९८. लघवी झाली. शुद्धीवर आहे. मला म्हणाला, "बैलाला वैरण घातली का?" कपाळ माझं!

२१ जानेवारी, गुरुवार

आज वॉर्डात दिवाळी! डॉक्टर रोज विचारायचे, वारा सरला का? आज सकाळी सरला, आणि असा की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी पण टाळी वाजवली. नाकातली नळी निघाली. चमचाभर पाणी. शेखर ते पाणी चघळल्यासारखं करत होता.

मग मी विचारलंच. आईनं सोमवारी पोट दाबलं का? शेखर म्हणाला, "नाय गो. मीच मागं लागलेलो. ती हातावर बसून व्हती. मला खोकला आला जोरात, तवाच काय तरी सुटल्यासारखा झाला."

खोकला. आणि मी सगळ्या वॉर्डासमोर त्या बाईला खुनी ठरवून मोकळी झाले.

डॉक्टरांना पण विचारून घेतलं — घरी चोळलं त्यामुळे हे झालं का? म्हणाले, "फाडली बैलानं. चोळल्यानं वाढलं असेल, नसेल, आता कुणीही सांगू शकत नाही. पण सिस्टर, पुढच्याचं पोट चोळू देऊ नका. तो माझ्यापर्यंत पोचणारच नाही." मग म्हणाले, अशा किती केसेस वाटेतच जातात ते आमच्या कागदावर येतच नाही.

हे डोक्यात बसलं. आता उतरणार नाही.

२२ जानेवारी

सासूबाईंची माफी मागितली. व्हरांड्यात, उभ्या उभ्याच. त्या म्हणाल्या, "तू बरोबर व्हतीस. गप बस." एवढंच. माफी दिली की नाही?

२९ जानेवारी, शुक्रवार

घरी! शेखर जीपमधून उतरून दारापर्यंत चालत गेला. मी म्हटलं होतं चालत नेणार, नेला! टाके कोरडे. तीन महिने ओझं उचलायचं नाही. मुंबईहून एक लस आणून टोचायची. आणि ताप आला तर "बघू उद्या" म्हणायचं नाही — प्लीहा नसलेल्या माणसाला साधा ताप पण पटकन चढतो. आमच्याकडे तर पावसात घरटी हिवताप. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंय. शेखर म्हणतो, देवाच्या तसबिरीपेक्षा तुझी पाटी मोठी.

बैल विकायचा नाही म्हणतोय. "त्याला काय कळतं?" बरोबर आहे. मला कळत होतं, तरी मलम चोळलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंनी हात बंद केला!

आज पलीकडच्या पाड्यावरून एक बाई नातवाला घेऊन आली, पोट दुखतंय म्हणून. साधं जंताचं दुखणं असेल. सासूबाई म्हणाल्या, "मी आता नाय बघत. सुनेकडं ने." बाईनं पाय धरले. तरी नाही. नारळ परत दिला. तांब्या पण माळ्यावर टाकलाय.

गावात काय चाललंय मला माहीत आहे. "सुनेनं सासूचा हात मोडला." पाणवठ्यावर दोघी-तिघी मी आले की गप्प होतात. होऊ देत. पण सासूबाई घरात वावरतात आणि बोलत नाहीत, ते मला सहन होत नाही. रागावल्या असतील तर भांडा की! मी भांडायला तयार आहे.

२४ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं, ते हो म्हणाले. माझ्या हद्दीतल्या अकरा वाड्या-पाड्यांवर एकेक बैठक घ्यायची. फक्त एकच गोष्ट सांगायची — बैलानं मारलं, झाडावरून पडलं, गाडीचं हँडल लागलं, पोटाला मार बसला, की चोळायचं नाही, तांब्या लावायचा नाही, घरी ठेवायचं नाही. माणूस पांढरा पडला, तहान लागली, डावा खांदा दुखला, की जीप.

शेखर म्हणाला, मला घेऊन चल, टाके दाखवतो सगळ्यांना. निर्लज्ज!

७ मार्च, रविवार

तीन वाड्या झाल्या. फजिती. माणसं ऐकतात, मान हलवतात, चहा पाजतात. आज धोंडीबाईनं सगळ्यांसमोर विचारलं. म्हातारी बाई, चार पाडे तिचं ऐकतात. "तुज्या सासूनं माजा पोट सा येळा बसवला. मी मेली का? तू काल आलीस गो. हिराबाय सांगंल तं आयकू."

मी शेखरचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. तर एक जण म्हणतो, "त्याला बैलानं मारला, हिराबायनं नाय मारला." बरोबरच आहे ते. डॉक्टर पण तेच म्हणाले होते.

घरी आल्यावर सासूबाईंना स्पष्ट विचारलं. आई, तुम्ही आता चोळत नाही, मग माझ्याबरोबर चला आणि एकदा तोंडानं सांगा. लोक तुमचं ऐकतील. त्या भाकरी थापत होत्या. "मी नाय येनार."

का नाय?

"नाय म्हटला ना."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुमचा मान जाईल म्हणून ना? हिराबाईचं नाव खाली येईल म्हणून ना? उद्या कुणाचा शेखर वाटेत मेला तर तो तुमच्या मानापायी मेला असं मी समजेन. भाकरी करपली तव्यावर. त्यांनी ती उलटली नाही. मी उलटली, आणि बाहेर गेले.

लिहून ठेवते — मला वाईट वाटत नाहीये. जरा वाटतंय. पण मी सोडणार नाही. त्या नाही आल्या तरी आठ वाड्या बाकी आहेत, दोनदा-दोनदा जाईन.

१७ मार्च, बुधवार

फाल्गुनातली अमावास्या. उद्या पाडवा, कामाचा ढीग. ऐनाला नारळ द्यायचा दिवस, आणि सासूबाईंनी नारळ दिलाच नाही! चंदरभावजी चिडले. "आये, एकवीस वरसं दिला, आताच काय झाला? झाडावरचा कोपला तं?" त्या म्हणाल्या, "झाडाला उगा कशाला." आणि गोठ्यात निघून गेल्या.

मी मध्ये पडले नाही. मला पोळ्यांची कणीक भिजवायची होती.

२१ मार्च, रविवार

आज पोश्याच्या वाडीवर बैठक होती. धोंडीबाई पण आली होती, मुद्दाम. मी बोलायला उभी राहिले तर मागून सासूबाई. दोन मैल एकट्या चालत आलेल्या. मला म्हणाल्या, "तू बस."

उभ्या राहून बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

"शेखरचा बा ऐनावरून पडला. तो बाहेरचा नव्हता. पांढरा पडला, घडा घडा पानी पिला, आनी तीन दीस मला येकच सांगत व्हता, माजा खांदा चोळ. मी म्हनायची, खांद्याला काय झालाय? आनी पोट चोळायची. तीन दीस ह्या हातानं त्याचा पोट चोळला मी."

मग धोंडीबाईनं विचारलं, "कंचा खांदा, हिरा?"

सासूबाईंनी पदर बाजूला केला आणि आपल्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना दाखवला. डावा.